पाठ कुठं लागली?

कोल्हापुरात बुद्धिबळात हरलेल्याला मोकळं सोडत नाहीत. स्कोअरशीटवर सह्या झाल्या, हात मिळवला, की दाराबाहेर दुसरा पट मांडून कुणीतरी बसलेलंच असतं. ‘ये भावा, बघूया कुठं मार खाल्लास.’ याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. फरक इतकाच, की इथं मयतानं स्वतः उठून बसून माहिती द्यायची असते.

आणि मयत हमखास चुकीचं सांगतो. वजीर गेला तिथं डाव फिरला, म्हणतो. खासबागेत कुस्ती बघणारा असं कधी बोलायचा नाही. पाठ मातीला लागते ती शेवटी. समोरच्यानं पाय धरून पट काढलेला असतो त्याआधी.

आमच्याकडचं नेहमीचं प्रेत घ्या. (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची.) ई-4, ई-5, घोडा एफ-3, घोडा सी-6, उंट सी-4, घोडा एफ-6. चौथ्या चालीला पांढरा घोडा जी-5 वर येतो, उंटासोबत एफ-7 वर डोळा ठेवून. काळा डी-5 करतो, पांढरा ते प्यादं मारतो. आता पाचवी चाल. काळ्याचा हात आपोआप घोड्याकडं जातो आणि डी-5 चं प्यादं उचलतो. फुकटचं दिसतं ना! मग पांढरा घोडा एफ-7 वर उडी मारतो, वजीर आणि हत्ती एकदम धरतो. राजानं मारलं, की वजीर एफ-3, शह. डी-5 चा घोडा वाचवायचा तर राजानं ई-6 वर यायचं, म्हणजे भर दुपारी बिंदू चौकात बनियनवर. या हल्ल्याचं नाव ‘फ्राइड लिव्हर’. तळलेल्या कलेजीला या गावात कुणी भीत नाही, माणसं सापडतात ती बहुधा म्हणूनच.

हरलेला सातव्या चालीवर बोट ठेवतो: ‘राजा बाहेर काढला तिथं चुकलं.’ राजा काय हौसेनं बाहेर आला होता? चूक पाचव्या चालीची. तिथं घोडा ए-5 वर नेऊन आधी उंटाला हुसकायचं. प्यादं एक कमी पडतं, पण मोहरे मोकळे होतात.

घरी गेल्यावर स्टॉकफिश, म्हणजे डाव तपासणारं संगणकाचं इंजिन, लावायची खाज सुटते. माझ्या मते पहिला अर्धा तास ते बंदच हवं. आधी कागद बघायचा. प्रत्येक चालीशेजारी घड्याळात उरलेली मिनिटं लिहायची सवय असेल तर निम्मं काम तिथंच होतं. एका चालीला 20 मिनिटं घालवली आणि पुढच्या चार चाली मिनिटभरात ठोकल्या, तर भानगड बहुतेक त्या ठोकलेल्या चारांत असते. डोकं दमलं, की हात खेळायला लागतो.

मग इंजिन. त्याचा 1.00 म्हणजे जुन्या हिशोबानं साधारण एका प्याद्याची आघाडी. 0.2 चं 0.5 झालं म्हणून हळहळणं आपल्या पातळीला शोभत नाही. आकडा +0.3 वरून एकदम −1.8 ला कोसळला, की थांबायचं, पडदा झाकायचा आणि समोरच्याची चाल आपणच शोधायची. सापडली नाही, तर डावात तरी कुठून सापडणार होती?

काही वळणं मात्र कुणालाच लागत नाहीत. 2014 साली सोचीत, जागतिक विजेतेपदाच्या सहाव्या डावात, कार्लसननं 26 व्या चालीला राजा डी-2 वर ठेवला. आनंदनं घोड्यानं ई-5 चं प्यादं मारलं असतं तर डाव उलटत होता. आनंदनं ए-4 ढकललं आणि कार्लसन जिंकला. हे सांगितलं, की कट्ट्यावरचा प्रत्येक जण म्हणतो, ‘मला दिसलं असतं की!’ दिसणारच. ‘इथं काहीतरी आहे, बघ’ असं तुला आधीच सांगितलंय. आनंदच्या कानात कोण सांगणार होतं?

एवढ्यात मागं उभा असलेला बघ्या हात घालतोच.

‘मग मी ह्यो हत्ती मारतो.’

‘कसा मारशील? राजाला शह आहे.’

‘असू दे की. डाव तर संपलाय नव्हं?’