बाहेरच्या बाकाविषयी आमचे उत्तर

नमस्कार. अठरा दिवसांच्या बाळाला घेऊन आपण पत्नीसह स्तनपानाच्या सल्ल्यासाठी आमच्या केंद्रात आलात, तेव्हा ‘बाबांनी बाहेर थांबावे’ असे सांगून आपल्याला बाकावर बसवण्यात आले आणि तासाभरात आपल्याशी झालेले एकमेव बोलणे पैशांचे होते, ही आपली तक्रार खरी आहे. मी अर्ज काढून पाहिला. त्यात आपले नाव फक्त ‘बिल भरणाऱ्याचे नाव’ या रकान्यात आहे. तो अर्ज मीच तयार केला होता, त्यामुळे स्वागतकक्षातील ताईंना कृपया दोष देऊ नये.

आत इतर बाळंतिणी असतात आणि त्यांना संकोच वाटतो, म्हणून हा नियम केला होता. संकोच खराच आहे, पण त्यासाठी पडदा पुरला असता. सिझेरियनचे टाके दुखत असताना बाळ उचलून आईच्या छातीशी नीट धरून देणे, दूध पिऊन झाल्यावर ढेकर काढणे, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किमान सहा लंगोट ओले होतात की नाही याकडे लक्ष ठेवणे, ही कामे रात्री दोन वाजता जो जागा असतो त्याला शिकवायला हवीत, आणि आपल्या घरी ते आपण होता. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणारी कांगारू पद्धत वडिलांनाही जमते, हे आम्ही गरोदरपणाच्या वर्गात आवर्जून सांगतो. त्याच वडिलांना नंतर दाराबाहेर ठेवतो, ही विसंगती आपण दाखवून दिली.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कंपन्यांवर तशी कायद्याची सक्ती नाही. आपण हक्काच्या रजेतले दिवस खर्चून आला होता आणि ते आम्ही वाया घालवले, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

यापुढे वैयक्तिक सल्ल्याला, आईची हरकत नसेल तर, दोघांनाही आत बसवले जाईल. अर्जात दोघांची नावे व फोन नंबर असतील, आणि महिलांच्या स्वच्छतागृहात असलेले लंगोट बदलण्याचे टेबल आम्ही बाहेर आणले आहे. मंगळवारचा बाळंतिणींचा गट मात्र स्त्रियांपुरताच राहील, कारण रक्तस्राव, टाके, मनाची घालमेल यांविषयी त्या तिथेच मोकळेपणाने बोलतात. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही.

आपले शुल्क परत करत आहोत. सहा आठवड्यांच्या लसीच्या सुमारास आपण दोघे येऊ शकलात तर ते सत्र मी स्वतः, विनाशुल्क घेईन.

— संचालिका