घर माझं, सातबारा रूटचा

रविवारी चहा उकळेपर्यंत होईल म्हणून संगणकातल्या लिनक्स प्रणालीचं अपग्रेड लावलं. पोह्यांची कढई घासून पालथी पडली तेव्हा मशीन काळ्या पडद्यावर येऊन थांबलं. मला दम निघेना. कधीतरी कुठेतरी वाचलेलं ‘सुडो स्टार्टएक्स’ ठोकलं, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी जो ‘रूट’, त्याच्या अधिकाराने डेस्कटॉप उघडायची आज्ञा. डेस्कटॉप आला! बायकोला बोलावून दाखवलाही. मग मशीन रीस्टार्ट केलं.

लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत लॉगिनच. पासवर्ड चुकला तर मशीन तसं तोंडावर सांगतं. इथे तक्रार नाही आणि प्रवेशही नाही. सात वेळा टाकला. आठव्यांदा बोटं आपटून टाकला.

“काल चालत होतं ना?” बायको म्हणाली. याला उत्तर नसतं.

शेवटी भाच्याला फोन केला. “मामा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब.” काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आणि तिथे तोच पासवर्ड बिनबोभाट चालला! म्हणजे मागचं दार उघडं, कुलूप फक्त दिवाणखान्याला.

“एलएस, स्पेस, वजा, एलए. सगळ्या फाइलींची यादी येईल, मालकांसकट.”

“वजा म्हणजे मायनस?”

“मायनसच रे. आता डॉट एक्सऑथॉरिटीची ओळ बघ. मालक कोण?”

“रूट. पुढे परत रूट.”

“सुडो लावून डेस्कटॉप उघडलास ना?”

मी गप्प.

तर भानगड अशी. त्या फाइलीत ‘मॅजिक कुकी’ असते, म्हणजे १२८ बिटांची खूणगाठ. ती दाखवली तरच एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, खिडक्या उघडू देतो. फाइल वाचायचा हक्क फक्त मालकाचा, आणि माझ्या सुडोच्या उत्साहात मालकी गेली रूटकडे. घर माझं, राहतो मी, सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच. बरं, तलाठीही मीच!

मग फेरफार नोंदवायची आज्ञा, फोनवरून, अक्षर अक्षर. “आधी तुझं नाव, मग कोलन, परत तुझं नाव.”

“कोलन म्हणजे विसर्ग का?”

“हो मामा, विसर्ग. मग स्पेस, टिंब, एक्स कॅपिटल, ए कॅपिटल...”

टिंब विसरलो. “अशी फाइल नाही,” मशीन म्हणालं. टिंब दिलं, तर मशीन काहीच बोललं नाही. इथे गप्प बसणं म्हणजे काम झालं, हेही भाच्यानेच सांगितलं. परत लॉगिन केलं आणि डेस्कटॉप हजर.

“मामा, पुन्हा सुडो स्टार्टएक्स केलंस ना, तर आईला सांगेन.”

“ताईला कशाला मधे आणतोस रे!”