पपई दाढेला लावताना

दाढ किडली की माणूस कळेपेक्षा आवाजाला जास्त घाबरतो. एअरोटर, म्हणजे दातांचं ड्रिल, मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो आणि त्यातला एकही आपल्या कवटीला चुकत नाही. त्यामुळे ‘ड्रिल नाही, बहुतेक इंजेक्शनही नाही, नुसतं पपईचं जेल’ म्हटलं की मीही लगेच पपईच्या पक्षात जातो. फक्त या पद्धतीत कळ कमी होते आणि वेळ वाढतो. ‘आ’ करून बसायचं असतं जबड्याला, आणि त्याचं मत कुणी विचारत नाही.

मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा टाकतो, त्यातलंच पपेन हे एन्झाइम इथे किडलेला भाग मऊ करायच्या कामाला असतं. ब्राझीलमध्ये २००३ साली त्याचं ‘पापाकॅरी’ हे जेल आलं. मग जीभ, हिरडी शिजत नाही का? नाही. निरोगी पेशींत पपेनला अडवणारं एक प्रथिन असतं. किडलेल्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाखालच्या थरात, ते उरलेलं नसतं.

आधी दाढेभोवती कापूस, कारण लाळ शिरली की जेल पातळ होतं. खड्डा जेलने भरून तीस-चाळीस सेकंद थांबायचं. मग चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरच्या बोथट कडेने, न दाबता खरवडायचं. जेल गढूळ होऊन निघतं. ते पुसून पुन्हा नवं भरायचं. गढूळ व्हायचं थांबलं की मऊ कीड संपली. घाईत धारदार कड लावली की चांगलं डेंटिनही निघतं, आणि पेशंट खुर्चीतून अर्धा उठतो.

खरी गंमत पुढेच. पपई इनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक कवचाचं, काहीही बिघडवू शकत नाही. वर सुईएवढं भोक आणि आत गुहा, असा प्रकार असेल तर भोकाचं तोंड रुंद करायला येतो तोच एअरोटर! म्हणजे ज्याला टाळायला आलो, त्याच्याच हस्ते उद्घाटन.

शिवाय सगळी कीड काढायचीच नसते. कडा मात्र टणक लागेपर्यंत साफ हव्यात, नाहीतर वर भरायचं सिमेंट धरत नाही. पण नसेजवळचा मऊ थर मुद्दाम ठेवतात. खरवडत गेलं तर नस उघडी पडते. वरून नीट बंद केलं की आतल्या जंतूंचं अन्न तुटतं. हे ऐकून ‘पैसे पूर्ण, कीड अर्धी?’ असा प्रश्न पडणं मला अगदी रास्त वाटतं. उत्तर मात्र डॉक्टरांचंच बरोबर आहे.

ते वरचं सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर. टांझानियात १९८० च्या दशकात वीज नसलेल्या ठिकाणी नुसत्या हत्यारांनी कीड काढून हेच सिमेंट भरायला सुरुवात झाली. कालवलेलं सिमेंट चकाकतंय तोवरच भरायचं. चमक गेली की ते दाताला चिकटत नाही. मग व्हॅसलिन लावलेल्या बोटाने दाबून धरायचं.

रात्री ठणका, सूज किंवा पू असेल तर पपईचा विषय बंद. तिथे रूट कॅनॉल किंवा दात काढणं. पपई किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं, तोंडात कापूस गेल्यावर सांगता येत नाही.

भरल्यावर तासभर काही खायचं नाही. पोरांकडून हा तास पाळून घेणारं जेल अजून बाजारात आलेलं नाही.