मु. पो. समुद्र

लग्नाची पत्रिका टाकायला आलेल्या माणसाला तुम्ही सख्ख्या शालकाचा पत्ता सांगू शकला नाहीत, तर खानदेशात दोनच तर्क होतात. एक तर सासरच्यांशी तुमचं वाजलंय, नाहीतर शालक आत आहे. माझा शालक शिडाच्या बोटीवर राहतो. फिरायला जातो असं नाही, राहतो. व्यापारी जहाजावरची इंजिनिअरची नोकरी सोडून त्याने अडतीस फुटांची एक जुनी बोट घेतली आणि आता नवरा-बायको थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याने फुकेत, क्राबी, कधी खाली मलेशियातल्या लंकावीपर्यंत हिंडत असतात. आज ज्या खाडीत नांगर पडला, तो आजचा पत्ता. पत्रिकेवर काय लिहायचं?

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळकी मोटर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती होईपर्यंत चौकशीशिवाय उद्योग नसतो.

"तुना शालक कोठे ऱ्हास रे भो?"

"पानीमा."

"ते झायं. मंग घर कोठे शे?"

"बोट म्हणजेच घर."

"प्लॉट-बिलॉट काही शे का नही?"

नाही म्हटल्यावर समोरचा माणूस त्याला मुलगी देणाऱ्यांची कीव करत चहा पितो. एकदा मी चिडून दिलीप दोंदे यांचं उदाहरण दिलं. आपल्या नौदलातला मराठी माणूस, 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या बोटीतून चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीला फेरी मारून २०१० साली मुंबईला परत आला. असं करणारा पहिला भारतीय. "पण घरी आला ना तो?" एवढंच उत्तर मिळालं. एका काकांची शंका मात्र रास्त होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात बघतात, जुन्या बोटीचं काय बघतात? मी शालकाला फोन लावला. तो म्हणाला, क्रेनने बाहेर काढतात आणि तळाला हातोडीने ठोकत जातात. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद आला तर फायबरच्या थरांत पाणी शिरलंय. काका म्हणाले, "म्हणजे टरबूजच की!" त्यांचं समाधान झालं, पुन्हा विचारलं नाही.

खरा घोळ फोटोंनी केला. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नेमका याचा फोटो येणार: हिरवं पाणी, त्यातून उभे चुनखडीचे सुळके आणि हाफ पँटमधला शालक. बायकोने चार वर्षं हे सहन केलं. शेवटी आम्ही जानेवारीत गेलो. जानेवारीत, म्हणजे शेकोटीला बसून भरीत खायच्या दिवसांत, घाम गाळायला! पण तिकडे नोव्हेंबर ते एप्रिलच समुद्र वागायला बरा. तेव्हा वारा जमिनीकडून वाहतो. मे उजाडला की नैऋत्येचा पाऊस आणि लाटा त्या किनाऱ्यावर येऊन आदळू लागतात.

बोटीवर पाय ठेवला तर स्वागत संडासाच्या शिकवणीने झालं. त्याला हातपंप असतो. आधी एक खटका या बाजूला करायचा, समुद्राचं पाणी आत घ्यायचं, मग खटका फिरवायचा आणि वीसेक वेळा दांडा खालीवर करून सगळं बाहेर काढायचं. भिंतीवर पाटी: आधी पोटातून जाऊन आलेलं नाही असं काहीही यात टाकू नये. पंपाचा आवाज पूर्ण बोटीला ऐकू जातो. कोण गेलं, कितीदा गेलं, पंप मारताना दम लागला का, सगळं जगजाहीर. गावाकडे डबा घेऊन जाण्यात याहून जास्त गुप्तता होती.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमच्या सौभाग्यवतींनी बोट जिंकली. टाकीत तीनशे लिटर, ते पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही. शालक घाबरत घाबरत नियम सांगू लागला: भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, वरून थोडं गोडं पाणी फिरवायचं, आंघोळ समुद्रात, शेवटी अंगावर लिटरभर गोडं. ती म्हणाली, "लिटरभर? कशाला इतकं?" नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात संसार केलेल्या बाईला हे काय सांगायचं! विजेचंही तेच. शालक दर तासाला बॅटरीचा आकडा बघतो, ढग आला की सोलर पॅनलकडे बघून उसासा टाकतो आणि रात्री फ्रिज बंद करतो. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हे सगळं तू आमच्याकडे एक छटाक डिझेल न जाळता करू शकला असतास.

डिझेल खूप जळतं. हे कुणी सांगत नाही. सकाळी वारा असतो, शीड फुगतं, बोट एका अंगावर कलते, चहा कपात राहून बशीकडे बघू लागतो आणि माझी बायको कुलदैवताचं नाव घेते. दुपारी वारा पडतो आणि मग इंजिन. अशाच एका दुपारी बोटीच्या मागून पडणारी, इंजिन गार करून बाहेर येणाऱ्या पाण्याची पिचकारी थांबली. शालकाने लगेच इंजिन बंद केलं. समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारा पंप उघडला, तर आतल्या इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाच्या, सहा पात्यांपैकी दोन गायब. नवीन इम्पेलर त्याच्याकडे होता, पण तुटलेले तुकडे शोधल्याशिवाय बसवून उपयोग नाही. ते पुढे जाऊन कूलरच्या बारीक नळ्यांत अडकतात. एक तुकडा पाइपच्या कोपरात सापडला. दुसऱ्यासाठी तो डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत तासभर शिव्या देत होता. शेवटी मी वाइंडिंगच्या तारेचा आकडा करून घातला आणि तुकडा ओढून काढला. तार मी खिशातच ठेवतो. आयुष्यभर पाण्यात सोडलेल्या मोटरी बाहेर काढल्या. इथे माणूस स्वतः पाण्यात राहून मोटर कोरडी ठेवायला धडपडतोय!

त्या संध्याकाळी भरीत करायचं ठरलं. वांगी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणि भरीत ठेचायची लाकडी बडगी आम्ही घरून नेली होती. बोटीवर गॅसची फार धास्ती. तो हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो; म्हणून सिलिंडर बाहेर वेगळ्या कप्प्यात आणि काम झालं की बटणाने बंद. शेगडी झोक्यासारखी टांगलेली, बोट हलली तरी ती सरळ राहते. वांगी नीट भाजली. मग हिच्या हिरव्या मिरच्या तव्यावर पडल्या. त्या एवढ्याशा खोलीत तो धूर कोंडला आणि आम्ही चौघं खोकत, नाकातोंडाला रुमाल लावून वर आलो. वर येतो तो शेजारच्या बोटीवरचं जर्मन जोडपं रबरी होडीतून आग विझवायचं नळकांडं घेऊन हजर. त्यांना बसवून घेतलं. बाईंनी बडगीत भरीत ठेचूनही बघितलं. नवऱ्याने पहिल्या घासाला डोळे पुसले, पण भाकरी सोडली नाही.

रात्री मी वरच झोपलो, उन्हाळाभर गच्चीवर झोपायची सवय. आठ मीटर खोल पाण्यात चाळीस-पन्नास मीटर साखळी सोडलेली, तरी शालकाच्या मोबाइलवर नांगर सरकल्याची घंटा लावलेली असते. ती दोन वाजता वाजली. सगळे धावले. नांगर जागच्या जागी. भरती फिरली म्हणून बोट फक्त तोंड फिरवून बसली होती. पुन्हा डोळा लागतोय तोच पावसाची सर. अंथरूण उचलून खाली पळालो. हा भाग मला पाठ होता.

आता मे चालू आहे. बोट तिकडे आवारात टेकूंवर चढवून ठेवलीय, तळाचे शिंपले खरवडून रंग लावायचाय, आणि शालक आमच्याकडे मुक्कामाला आहे. परवा दुकानात एकाने त्याला गाठलं.

"तापी समुद्रलेच मियस ना? मंग नाव आठे लई ये."

शालकाने मन लावून समजावलं. बोटीचा तळ दोन मीटर पाण्यात असतो, डोलकाठी पंधरा मीटर उंच, सुरतेचे पूल आडवे येतात. ते ओलांडले तरी काकरापार, उकाई, मग प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे. प्रत्येक ठिकाणी भिंत. त्या माणसाने एकेक बंधारा मान डोलावून ऐकून घेतला.

"मंग ती नाव काय कामनी?" असं म्हणून त्याने वाइंडिंगचे दोनशे रुपये कमी दिले आणि मोटर खांद्यावर टाकून निघून गेला.