सही कुणाला हवी आहे?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरोघरी एकच वाद: सीए करायचं की एसीसीए, म्हणजे ब्रिटनच्या संस्थेची अकाउंटंटची पदवी? 'सीए तो सीए' म्हणणारे काका एकीकडे, 'जागतिक पदवी, झटपट मोकळे' असं सांगणारे क्लासचे फलक दुसरीकडे. ब्रिटनमधून हा वाद ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. दोघंही पदवीची उंची मोजत बसतात. ती पदवी नेमकी कुणाला आणि कशासाठी लागते, हे कुणी विचारत नाही.

भारतात सीएची मागणी कायद्यानेच उभी केली आहे. दोन भावांची चिमुकली प्रायव्हेट लिमिटेड असली तरी कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तिचं दरवर्षी ऑडिट व्हायलाच हवं. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी. या सगळ्यावर सही चालते ती प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच, आणि २०१९ पासून त्या सहीला यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही लागतो. सप्टेंबरात तालुक्याच्या सीएच्या केबिनबाहेर गर्दी होते ती या कायद्यामुळे. तिथे एसीसीएचा उपयोग शून्य.

ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. ६ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या हिशेबवर्षांसाठी उलाढाल १.५ कोटी पौंड, ताळेबंदाची एकूण मालमत्ता ७५ लाख पौंड आणि ५० कर्मचारी, या तीनपैकी दोन मर्यादांच्या आत असलेली कंपनी लहान धरतात, आणि अशा बहुतेक कंपन्यांना ऑडिटची सक्ती नाही. 'अकाउंटंट' हा शब्दसुद्धा कायद्याने कुणासाठी राखून ठेवलेला नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. ज्या थोड्या कंपन्यांना ऑडिट लागतं, तिथे नुसतं एसीसीएचं सभासदत्व पुरत नाही. प्रॅक्टिसचा परवाना आणि ऑडिटची पात्रता वेगळी मिळवावी लागते.

मग इथे पदवीतून मिळतं काय? नोकरीतली पायरी. जाहिरातीत 'पार्ट-क्वालिफाइड' (काहीच पेपर झालेले) आणि 'क्वालिफाइड' असे सरळ दोन वर्ग असतात आणि पगारातली दरी तिथेच पडते. म्हणजे तिकडे पदवी सहीचा हक्क देते, इकडे बढती देते. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची किंमत एकाच तराजूत तोलता येत नाही.

निकालाच्या टक्क्यांचा युक्तिवादही असाच फसवा. सीए फायनलचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) एकदम देणाऱ्यांत मे २०२४ ला १९.८८ टक्के पास झाले, नोव्हेंबर २०२४ ला १३.४४ टक्के. एसीसीएत एकेका पेपरला ढोबळमानाने निम्मे पास होतात, म्हणून ती सोपी, असं सांगितलं जातं. पण एसीसीएचा आकडा एका पेपरचा आहे. सीएचा आकडा सहा पेपरांचा आहे, आणि त्यात प्रत्येक पेपरला ४० व ग्रुपला सरासरी ५० टक्के ही दुहेरी अट. एसीसीए तुलनेने सुटसुटीत आहे हे खरंच, कारण पेपर सुटे देता येतात. पण फलकावरचा आकडा तेवढं सिद्ध करत नाही.

फलकावर न लिहिलेली गोष्ट त्याहून महत्त्वाची. एसीसीएचे तेरा पेपर आणि नीतिमूल्यांचं मॉड्यूल संपवलं की माणूस फक्त 'अफिलिएट' होतो. सभासद व्हायला ३६ महिन्यांचा संबंधित कामाचा अनुभव आणि नऊ उद्दिष्टं पूर्ण केल्याची लेखी निवेदनं लागतात. त्यावर पात्र अकाउंटंट असलेल्या पर्यवेक्षकाची सही लागते. एकविसाव्या वर्षी पेपर संपवलेली मुलं इथेच अडकतात: नोकरीत वरचा साहेब एमबीए असतो, सही द्यायला कुणी नाही. मग निवेदनं इंटरनेटवरून उचलली जातात. ती पकडली जातात आणि प्रकरण शिस्तभंगापर्यंत जातं.

एसीसीएच्या परीक्षा-सवलतींचंही तसंच. सीए झालेल्याला नऊपर्यंत पेपर माफ होतात, बी. कॉम.वाल्याला त्याहून बरेच कमी. प्रत्येक माफीची फी पौंडांत भरावी लागते. माफी घेऊन थेट वरच्या पातळीला गेलेला विद्यार्थी एसबीआर या आर्थिक अहवालांच्या पेपरला आपटतो, कारण खालच्या पेपरातली एकत्रीकरणाची (समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याची) मांडणी त्याने कधी हाताने केलेलीच नसते. ज्या विषयात हात कच्चा आहे तिथली माफी नाकारलेली बरी.

सगळ्यात महाग चूक मात्र वेगळीच: कर्ज काढून ब्रिटनला एमएस्सी अकाउंटिंग करायला येणं. ही पदवी कुठल्याही संस्थेचं सभासदत्व देत नाही. फार तर काही पेपर वाचवते. इथल्या फर्म पदवीधराला ट्रेनी म्हणून घेतात, परीक्षेची फी आणि अभ्यासाची रजा देतात, पण हा ट्रेनिंग काँट्रॅक्ट सहसा तीन वर्षांचा असतो. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा एमएस्सीवाल्याला दोन वर्षांचा, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना फक्त १८ महिन्यांचा. तीन वर्षांचा करार दीड वर्षाच्या व्हिसात बसणार कसा? फर्मने प्रायोजक व्हायला हवं, आणि जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना सवलतीने ३३,४००. लंडनबाहेरची छोटी फर्म ट्रेनीला सहसा एवढं देत नाही. गणित इथे बसतं ते बहुतेकदा आधीच क्वालिफाइड होऊन येणाऱ्याचं.

म्हणून अठराव्या वर्षी निवड करायची असेल आणि भारतातच राहण्याची निम्मी जरी शक्यता असेल, तर माझं मत सीएच्या बाजूने. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, परीक्षा वर्षातून तीनदा होतात. फायनलमध्ये इंड-एएस, म्हणजे भारताची लेखामानकं, शिकून झालेलं असतं, त्याचा इथे थेट उपयोग होतो: १ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या खासगी कंपन्यांच्या एफआरएस १०२ या लेखामानकात भाडेकरार ताळेबंदात आणावे लागतात आणि महसुलाची नोंद पाच पायऱ्यांनी करावी लागते. याच विषयांवरचं इंड-एएस ११६ आणि ११५ ज्याने पचवलंय, त्याला हे नवं नाही. आखातात तर सीएची ओळख वेगळी करून द्यावी लागतच नाही.

अमेरिका वेगळी. तिथल्या सीपीए या अकाउंटंटच्या परवान्याबाबत आपल्या सीए इन्स्टिट्यूटचा परस्पर मान्यतेचा करार नाही, सीए झालेल्यालाही चारही पेपर द्यावे लागतात: तीन मुख्य, एक निवडीचा. शिवाय परवाना राज्यागणिक मिळतो. बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या अभ्यासाचे १५० क्रेडिट मागत, आता अनेक राज्यांत १२० क्रेडिट आणि जादा अनुभवही चालतो. तीन वर्षांचं बी. कॉम. त्यात तोकडं पडतं. एम. कॉम. किंवा सीए जोडून मूल्यांकन करून घ्यावं, आणि तेही राज्य निवडण्याआधी. पुण्यातल्या अमेरिकन कंपनीच्या केंद्रात तीन-चार वर्षं काम केलेल्यांना मात्र हा सौदा परवडतो.

व्यवस्थापकीय लेखांकनाकडे, म्हणजे कंपनीच्या आतल्या खर्च-नियोजनाच्या हिशेबांकडे, कल असणाऱ्यांनी एक खात्री करून घ्यावी. सीएमए नावाच्या दोन पदव्या आहेत. एक आपली जुनी आयसीडब्ल्यूए, १९५९ च्या कायद्याची, जिच्या सभासदाची कॉस्ट ऑडिटवर (उत्पादनखर्चाच्या तपासणीवर) सही चालते. दुसरी अमेरिकन, दोन पेपरांची, ५०० पैकी ३६० ला पास. नाव एक, हक्क वेगळे. क्लासवाला कोणती विकतोय ते विचारा.

राहिले सीए फायनलच्या एका ग्रुपवर तीन-चार प्रयत्न अडकलेले. घरात त्यांचीच सगळ्यात जास्त चर्चा होते. त्यांच्या हातात आर्टिकलशिपचे महिने आहेत, आणि फर्मचे सर सीए असल्याने ते एसीसीएसाठी पर्यवेक्षक म्हणून चालतात. निवेदनं आताच लिहून घ्यावीत: कुठला क्लाएंट, कोणतं शेड्यूल, चूक कुठे सापडली. सरांना अजून आठवतंय तोवर सही मागावी. फर्म बदलली किंवा सर निवृत्त झाले, की तेच महिने सिद्ध करायला नाकी नऊ येतात.