एका अ‍ॅम्प्लिफायरला सगळं जोडा, पण ‘त्या’ मेसेजप्रमाणे नको

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सोलापुरातल्या चार-पाच ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: नवा रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) घेऊन पैसे घालवू नका. शंभर रुपयांच्या वाय-केबलनं सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी आणि कॉम्प्युटर एकाच होम थिएटरला जोडा. एचडीएमआय असेल तर स्प्लिटर उलटा लावा. नाहीतर सगळं टीव्हीत घाला, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून (प्रकाशानं आवाज नेणाऱ्या वायरीतून) ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब-वूफर यांना वेगवेगळा आवाज, मिळतंच. सहाही स्पीकर वाजले की समजा ५.१ चालू झालं. केबल महागडीच घ्या, त्यानं आवाज खुलतो. आणि घूं असा आवाज आला तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून जोडणी केलेले तीन सेट माझ्या टेबलावर येऊन गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मेसेजमधली पहिली ओळ मला मान्य आहे. घरातला जुना, धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर टाकून देण्याची गरज नसते. त्यापुढचं मात्र जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

आधी वाय-केबल. भवानी पेठेतलं एक गिऱ्हाईक आलं. “कालपर्यंत मस्त वाजायलतं, आता आवाज दबलाय आणि फाटायलाय बघा.” अ‍ॅम्प्लिफायर उघडला, तपासला, काहीच बिघाड नव्हता. मग त्यांना घरच्या वायरी जशाच्या तशा घेऊन यायला सांगितलं. डीव्हीडीच्या आणि सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना वाय-केबलमध्ये एकत्र करून एकाच इनपुटला दिल्या होत्या. वाय-केबल काढली, डीव्हीडी सरळ जोडला, आवाज पूर्ववत.

असं का होतं? प्लेअरच्या आउटपुटचा अंतर्गत रोध साधारण काहीशे ओहम असतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा दहा हजारांपासून पन्नास हजार ओहमपर्यंत. म्हणजे प्लेअरला समोर हलकं ओझं मिळेल हे धरूनच सर्किट केलेलं असतं. दोन आउटपुट एकमेकांना जोडले की पहिल्याला समोर अ‍ॅम्प्लिफायर न दिसता दुसऱ्या प्लेअरचं आउटपुट दिसतं. दोन्हींचा रोध ५०० ओहम धरला, तर सिग्नलचा व्होल्टेज निम्म्यावर येतो, म्हणजे ६ डेसिबल गेले. त्यातून दुसरं यंत्र बंद असलं तर आणखी वाईट, कारण वीज नसलेली आयसी (आतली चिप) येणाऱ्या सिग्नलचे शेंडे छाटून टाकते. आपल्या कानाला तो आवाज फाटलेला लागतो. दर वेळी काही जळतंच असं नाही, पण स्वस्त प्लेअरच्या आउटपुटला संरक्षण असेलच याची खात्री कोण देणार?

गैरसमज कुठून आला तेही सांगतो. एका प्लेअरचा आवाज दोन अ‍ॅम्प्लिफायरना द्यायला वाय-केबल उत्तम चालते. तीच केबल उलट्या दिशेनं वापरली की गणित बिघडतं. अनेक सोर्स एका अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे तर ते मिसळायचे नसतात, निवडायचे असतात. एका वेळी एकच लाइन आत जायला हवी. त्याला सिलेक्टर लागतो.

५.१ साठी तर सहा लाइन एकदम बदलायला हव्यात: पुढचे दोन, मागचे दोन, सेंटर आणि सब-वूफर. इथं एक सोपा मार्ग आहे. पिवळी-लाल-पांढरी पिन असलेले, बटण दाबून सोर्स बदलणारे साधे एव्ही सिलेक्टर डबे मिळतात. आत फक्त यांत्रिक बटण असलेला डबा घ्या. अशा डब्यात पिवळ्या पिनेतूनही ऑडिओ बिनदिक्कत जातो, कारण आत नुसती वायर आणि बटणाचे संपर्क असतात. एका डब्यात तीन लाइन, दोन डब्यांत सहा. भवानी पेठेतल्या त्या घरी असे दोन डबे शेजारी शेजारी पट्टीवर बसवून दिले. एक नंबर डीव्हीडी, दोन नंबर कॉम्प्युटर, दोन्ही डब्यांवर तेच बटण दाबायचं. कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमधून पुढचे स्पीकर, काळ्यातून मागचे आणि केशरीमधून सेंटर-सब निघतात. केशरीमध्ये कधीकधी सेंटर आणि सब उलटे येतात. संवाद सब-वूफरमधून घुमायला लागले तर त्या दोन पिना आपसात बदला.

आता स्प्लिटर. स्प्लिटर एकाचे दोन करतो आणि स्विच दोनातला एक निवडतो. स्प्लिटरमध्ये चिप असते, तिची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची बाजू ठरलेली असते. उलटा लावला तर पडदा काळाच राहणार. काही डबे खरंच दोन्ही बाजूंनी चालतात, पण त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं आणि सोर्स निवडायचं बटण असतं. अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय नसेल तर स्विचनंतर ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर (एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढणारा डबा) लावा, त्यातून ऑप्टिकल निघतं. एक्स्ट्रॅक्टरच्या कडेला बऱ्याचदा नखानं सरकवायची इवलीशी पट्टी असते: पास, २ चॅनल, ५.१. ती २ चॅनलवर राहिली, तर सोर्सला वाटतं की पुढे फक्त स्टिरिओच चालतो आणि तो स्टिरिओच पाठवतो. विजापूर रोडच्या एका घरात नवा डिकोडर (डिजिटल ५.१ उलगडून सहा लाइन काढणारा डबा) परत करायची तयारी चालली होती. दोष त्या पट्टीचा निघाला.

“टीव्हीच्या ऑप्टिकलमधून ५.१ मिळतंच” या वाक्यातला ‘च’ काढून टाका, मग ते निम्मं खरं होतं. ऑप्टिकल वायरीत दोनच गोष्टी मावतात: दोन चॅनलचा साधा, न दाबलेला डिजिटल आवाज, म्हणजे पीसीएम, किंवा दाबून लहान केलेला ५.१, म्हणजे डॉल्बी डिजिटल वा डीटीएस. ब्लू-रेवरचे ट्रूएचडी, डीटीएस-एचडी हे मोठे ऑडिओ प्रकार आणि त्यावरचा अ‍ॅटमॉस तिच्यातून जात नाही. त्यासाठी प्लेअरचं एचडीएमआय थेट रिसीव्हरला हवं, नाहीतर एचडीएमआय २.१ सोबत आलेलं ईएआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरकडे परत पाठवणारी सोय) टीव्हीत आणि रिसीव्हरमध्ये दोन्हीकडे असायला हवं. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधलं साधं एआरसी ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस बऱ्याच टीव्हींत पुढे पाठवतं, पण ट्रूएचडी नाही.

शिवाय अनेक टीव्ही स्वतःच्या अ‍ॅपमधला ५.१ ऑप्टिकलवर देतात, पण बाहेरून एचडीएमआयनं आलेल्या सेट-टॉप बॉक्सचा आवाज स्टिरिओ करून टाकतात. म्हणून तीन ठिकाणी बघा. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी डॉल्बी किंवा बिटस्ट्रीम (दाबलेला आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) आहे का? टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटमध्ये ऑटो किंवा पास-थ्रू आहे का? आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा डिकोडरच्या डिस्प्लेवर काय उमटतंय? तिथं पीसीएम आलं तर टीव्ही काहीही म्हणो, आत दोनच चॅनल आलेत. टीव्ही अडवत असेल तर सेट-टॉप बॉक्सचं स्वतःचं ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल थेट डिकोडरला द्या. कोअ‍ॅक्शियलसाठी जुन्या व्हिडिओची पिवळी केबल चालते, तीही ७५ ओहमचीच असते.

सहा स्पीकर वाजले म्हणजे ५.१ झालं, हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण यात माणूस वर्षानुवर्षं फसलेला राहतो. लोकल असेम्बल केलेल्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डावा-उजवा आवाजच सहा ठिकाणी वाटलेला असतो. प्रो-लॉजिकसारखं सर्किट स्टिरिओतून सेंटर आणि मागचा आवाज बऱ्यापैकी वेगळा काढतं, ते वाईट नाही, पण ते अंदाजानं वेगळं केलेलं असतं. खऱ्या ५.१ मध्ये संवाद बहुतांशी सेंटरमध्ये स्वतंत्र असतो. अशोक चौकाच्या पुढे, जिथं भिंतीपलीकडे दिवसभर मागाची खडखड चालते, तिथं हा फरक लगेच कळतो. घरात आजी तेलुगू पिक्चर बघत असते, संवाद ऐकू येईना म्हणून आवाज वाढवते, की गाण्याला खिडक्या थरथरतात. खरा सेंटर चालू असेल तर तेवढाच दोन पॉइंट वाढवायचा आणि बाकीचं तसंच ठेवायचं. तपासायचं असेल तर ५.१ चा चॅनल टेस्ट क्लिप लावा. “रिअर लेफ्ट” म्हटल्यावर एकच स्पीकर बोलला पाहिजे.

महागड्या केबलबद्दल एवढंच: डिजिटल वायर चांगली असेल तर आवाज पूर्ण येतो, खराब असेल तर तुटतो किंवा बंद होतो. सोन्याच्या मुलाम्यानं संवाद गोड होत नाहीत.

आता ती पिन. घूं आवाज बहुधा यासाठी येतो की अ‍ॅम्प्लिफायरला प्लगमधून अर्थिंग मिळतं आणि सेट-टॉप बॉक्सला केबलच्या किंवा डिशच्या वायरीच्या जाळीतून दुसरं. दोन वाटांचं वेटोळं तयार होतं आणि त्यात विजेची ५० सायकलची गुणगुण शिरते. डिशची वायर एक मिनिट काढून पाहा, घूं थांबलं तर कारण हेच. पिन काढल्यावर आवाज थांबतो खरा, आणि म्हणूनच लोकांना हा सल्ला बरोबर वाटतो. पण आत ट्रान्सफॉर्मरची वायर बॉडीला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज जातो किंवा एमसीबी पडते. पिन नसेल तर काहीच पडत नाही आणि पत्र्याची बॉडी २३० व्होल्टवर तशीच उभी राहते. आरसीए, म्हणजे त्या लाल-पांढऱ्या, पिनेचा बाहेरचा भाग त्याच बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे वायरीनं जोडलेला डीव्हीडी आणि कॉम्प्युटरची कॅबिनेटसुद्धा. आपल्याकडे मार्च लागला की कूलर निघतात, फरशी ओली असते, पोरं अनवाणी असतात.

घूं घालवायला सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. त्यानं नाही थांबलं तर सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकलनं घ्या. त्या वायरीतून फक्त लाल प्रकाश जातो, तांबं नसतं, त्यामुळे ऑडिओच्या बाजूनं वेटोळं तिथंच तुटतं. मात्र बॉक्स टीव्हीला आणि टीव्ही दुसऱ्या तांब्याच्या वायरीनं अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असेल, तर तीही वायर काढा.

मेसेज वाचून कोणी पिन काढली असेल किंवा दोन पिनेचा अडॅप्टर लावला असेल, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, तीन पिनेचा प्लग परत बसवा आणि सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच येतंय का ते वायरमनकडून मीटर लावून बघून घ्या. जुन्या वाड्यांत मोठं भोक असतं, पण मागे वायरच नसते.