लिस्बनचा चुना

काका सहसा काही फॉरवर्ड करत नाहीत. फुलं, दिवे, सुविचार हे काकूंचं खातं. त्यामुळे परवा रात्री साडेअकराला त्यांच्याकडून हातभर लांब मजकूर आला तेव्हा आधी पोटात गोळा आला. मजकुराखाली त्यांची स्वतःची एकच ओळ होती: "ते चालत फिरायचं रद्द कर. पैसे परत मिळतात का बघ."

ते चालत फिरायचं म्हणजे लिस्बनमधली पायी टूर. काका-काकू सप्टेंबरात लेकीकडे पोर्तुगालला चाललेत. त्या शहरातल्या आफ्रिकी वारशाची ही तीन तासांची फेरी मी दोन वर्षांपूर्वी केली होती, म्हणून त्यांचंही बुकिंग हौसेने मीच केलं. आणि आता हा मजकूर. शीर्षक: "युरोपला जाणाऱ्यांनो, सावध!" खाली सहा मुद्दे. एक, पोर्तुगालने 1761 मध्येच, जगात सगळ्यांच्या आधी, गुलामगिरी बंद केली. दोन, गुलाम ब्राझीलला जायचे, लिस्बनला नाही. तिथले आफ्रिकी लोक 1974 नंतर आलेले. तीन, आफ्रिकेतले राजेच आपली माणसं विकत. चार, पोर्तुगीज लोक गुलामांना घरच्यासारखं वागवत, बाप्तिस्मा देऊन कुटुंबात घेत. पाच, 1755 च्या भूकंपात सगळं गेलं, गाइड रिकाम्या जागा दाखवून पैसे उकळतात. सहा, आपला भारतीयांचा याच्याशी संबंध काय? शेवटी जोडलेले हात आणि "अभ्यासपूर्ण लेख, जरूर पुढे पाठवा." अभ्यास कोणी केला, ते लिहिलेलं नाही.

मी चौथ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे वाचून हसू आलं आणि हा वाचून झोप उडाली.

घरच्यासारखं. बरं. 13 नोव्हेंबर 1515 या तारखेचं एक पत्र आहे. लिहिणारा राजा मानुएल पहिला, म्हणजे ज्याच्या नावाने आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने पाच वर्षांपूर्वी गोवा घेतलं तोच. पत्र लिस्बनच्या नगरसभेला आहे. राजाची तक्रार अशी की शहरात मरणाऱ्या गुलामांना नीट पुरलं जात नाही. प्रेतं उघड्यावर, उकिरड्यावर टाकतात आणि कुत्री ती खातात. सान्ता कातारिनाच्या वेशीतून सांतुशकडे जाणाऱ्या वाटेवर हे प्रकार जास्त होतात. मग राजा उपाय सांगतो: त्या बाजूला जमेल तितका खोल खड्डा खणा, प्रेतं त्यात टाका आणि वरून अधूनमधून कळीचा चुना टाकत जा, म्हणजे ती लवकर विरतील.

हे कुठल्या गाइडने रचलेलं नाही. पोर्तुगालची बदनामी करायला निघालेल्या कुणी लिहिलेलं नाही. पोर्तुगालच्या राजाने स्वतःच्या राजधानीबद्दल, कामकाजाचा भाग म्हणून लिहिलंय. आणि राजाला खटकलंय काय, तर घाण आणि दुर्गंधी. माणसं अशी का फेकली जातात, हा त्याचा प्रश्नच नाही.

काका, आपला मोती गेला तेव्हा तुम्ही ऑफिसला दांडी मारून परसात आंब्याखाली खड्डा खणला होतात. त्यावर तुळस कोणी लावली, तेही मला आठवतं. घरच्यासारखं वागवणं म्हणजे काय ते मला तुम्हीच दाखवलंय. मग हे वाक्य पुढे पाठवताना तुमचं बोट अडखळलं कसं नाही?

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. मे 1515 मध्ये लिस्बनच्या धक्क्यावर एक गेंडा उतरला. गुजरातच्या सुलतानाने तो आल्बुकर्कला भेट दिला होता, गोव्याहून जहाजात चढवला होता. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला आणि हत्ती पळून गेला. तुम्ही बेलेंचा मनोरा बघणारच आहात, सगळेच बघतात. त्याच्या बुरुजाखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजलेलं आहे पण ओळखू येतं. गोव्याहून आलेल्या जनावराची आठवण राहिली. त्याच साली, त्याच शहरात मेलेल्या माणसांसाठी चुन्याचा हुकूम निघाला.

आज त्या भागातल्या एका रस्त्याचं नाव आहे रुआ दु पोसु दुश नेग्रुश, काळ्यांच्या विहिरीचा रस्ता. कॉफीची दुकानं, पाट्या, सेल्फी. इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. हे नाव काळा झगा घालणाऱ्या बेनेडिक्टाइन साधूंवरून पडलं असं म्हणणारे लोक आहेत, त्यांचा मठ जवळच होता. राजाचा खड्डा नेमका याच रस्त्याखाली होता की शेजारी, यावरही वाद आहे. घाला वाद. रस्त्याच्या पाटीवर घालता येतो, पत्रावर कसा घालणार?

आता बाप्तिस्म्याचं. द्यायचे, खरं आहे. रोसिओ चौकाजवळच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये काळ्या लोकांची स्वतःची रोझरी-मंडळीही होती, म्हणजे जपमाळेच्या नावाने चालणारी संघटना. पण ती मंडळी करायची काय? भिक्षा आणि वर्गणी गोळा करून आपल्यातल्याच माणसांना मालकांकडून सोडवून घ्यायची. कुटुंबातून सुटण्यासाठी वर्गणी काढावी लागते का कुठे?

आणि पाणी! आल्फामा या जुन्या मोहल्ल्यात शाफारीश देल-रेइ नावाचा जुना पाणवठा आहे, म्हणजे राजाचा झरा. त्याला सहा तोट्या. 1551 मध्ये नगरसभेने नियम केला की कोणत्या तोटीवर कोणी भरायचं. काळे पुरुष, मग ते गुलाम असोत की सुटलेले, एका तोटीवर. गोऱ्या पुरुषांच्या वेगळ्या. काळ्या बायकांची वेगळी, गोऱ्या बायकांची वेगळी. मोडणाऱ्याला शिक्षा. आमच्या गाइडने हे सांगितलं तेव्हा गटातले दोन डॅनिश पर्यटक चकित झाले. मी झालो नाही. महाडचं चवदार तळं शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या माणसाला सहा तोट्यांचा अर्थ समजवावा लागत नाही. एक तपशील मात्र कान टवकारून ऐकला: काळ्यांच्या तोटीवर आणखी कोणी भरायचं, त्या यादीत 'इंडियन' हा शब्दही आहे. सहाव्या मुद्द्याचं उत्तर खरं तर इथेच संपतं.

1761 बद्दल. फॉरवर्डमधला हा सगळ्यात लबाड मुद्दा, कारण साल खरं आहे. पोर्तुगालचा तेव्हाचा मुख्य मंत्री पोंबाल याने त्या सप्टेंबरात कायदा केला, तेवढं मान्य. पण कायदा काय म्हणतो? यापुढे आफ्रिका, अमेरिका, आशियातून जे गुलाम पोर्तुगालच्या भूमीवर आणले जातील ते मोकळे. आधीपासून तिथे होते त्यांना सोडलं नाही. वसाहतींतल्या लाखोंना तर हातच लावला नाही. राबणारे हात पोर्तुगालात घरकामाला आणू नका, ते ब्राझीलच्या मळ्यांत आणि खाणींत हवेत, हा त्यामागचा हिशोब. याच पोंबालने सहा वर्षांपूर्वी उत्तर ब्राझीलसाठी एक व्यापारी कंपनी काढली होती आणि ती जहाजं भरभरून गुलाम नेत होती. पोर्तुगीज वसाहतींतला गुलामांचा व्यापार कागदोपत्री बंद झाला 1836 मध्ये. गुलामगिरी कायद्याने संपली 1869 मध्ये, गोव्यासकट. टूर कुठलीही घ्या, नदीकाठच्या बागेत सा दा बांदेइरा यांचा पुतळा लागतो. 1836 चा हुकूम काढणारे हेच. पायथ्याशी आफ्रिकी बाई, जवळ लेकरू, तुटलेल्या बेड्या. 1761 ला सगळं संपलं होतं तर या गृहस्थांनी पंचाहत्तर वर्षांनी बंद काय केलं?

दुसरा मुद्दा थोडक्यात. 1551 च्या नगरवर्णनात लिस्बनची वस्ती सुमारे एक लाख आणि त्यात गुलाम 9,950, म्हणजे दहात एक. शिवाय आजच्या माद्रागोआ मोहल्ल्याच्या जागी मोकांबु नावाची आफ्रिकी लोकांची वस्तीच होती. 1974 नंतर अंगोला, मोझांबिक, गिनीतून खूप लोक आले हे खरंच, पण नंतर आले म्हणजे आधी नव्हते असं होत नाही. आणि "ब्राझीलला जायचे" हे कुणाची बाजू घेऊन लिहिलंय तेच कळत नाही. अटलांटिकपार नेलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी जवळपास 58 लाख पोर्तुगीज आणि ब्राझिलियन झेंड्याखाली गेली. हा बचाव आहे का?

तिसरा. आफ्रिकी राजे विकत होते. होय, विकत होते. कोंगोचा राजा आफोंसोही त्यात होता. पण याच आफोंसोने 1526 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की तुमचे व्यापारी आमची माणसं, अगदी सरदारांची मुलं, आमचे नातलगसुद्धा पळवतात आणि देश ओस पडत चाललाय. फॉरवर्डवाल्याने पहिलं घेतलं, दुसरं सोडलं.

भूकंपाने खूप नेलं, हे मात्र खरं. नदीकाठी गुलामांच्या व्यापाराचं सरकारी घर होतं, त्याची वीटही दिसत नाही. गाइड खरोखरच काही वेळा रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. माझ्या फेरीत असं तीनदा झालं आणि एकदा मी मनात म्हटलंही, की बाबा रे, इथे तर पार्किंग आहे. पण काका, शनिवारवाड्यात तरी काय आहे? 1828 च्या आगीनंतर चौथरे उरले, तरी पाहुणे आले की तुम्ही तिकीट काढून त्यांना तिथे नेता आणि "इथे दिवाणखाना होता" म्हणता. सांव दोमिंगुशमध्ये निदान भिंती तरी आहेत, 1959 च्या आगीत होरपळलेल्या. बाहेरच्या चौकात आजही गिनीच्या बायका शेंगदाणे आणि कोलाच्या बिया विकतात, पायघोळ अंगरखे घातलेले म्हातारे गप्पा ठोकत उभे असतात. आत काळ्यांची मंडळी भरायची ते हेच चर्च.

राहिला आपला संबंध. जुन्या गोव्याच्या बाजारात माणसांचा लिलाव व्हायचा, 1580 च्या दशकात तिथे राहिलेल्या लिनस्होटन या डच माणसाने तो लिहून ठेवलाय. गोव्याकडे 'खापरी' हा शब्द अजून ऐकू येतो, तो आफ्रिकी लोकांसाठीच. उलट्या बाजूनेही नातं आहे: पोर्तुगीजांविरुद्ध मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी राबलेले आकिनु द ब्रागांसा मूळचे गोव्यातल्या बार्देशचे, 1986 मध्ये मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात गेले. आणि हा धंदा फक्त पोर्तुगीजांचा नव्हता, हेही तुमच्याइतकं कुणाला माहीत? तुम्ही औरंगाबादला वाढलात. मलिक अंबरने बांधलेल्या नहर-ए-अंबरी या कालव्याचं पाणी शहरात कसं येतं ते मला लहानपणी तुम्हीच दाखवलंत, तास-तासभर. तो मलिक अंबर हबशी, लहानपणी विकला गेलेला, हात बदलत बदलत निजामशाहीत पोहोचलेला. तेव्हा तुम्ही म्हणाला नव्हता, आपला काय संबंध.

बुकिंग मी रद्द केलेलं नाही. सकाळी दहाला नदीकाठच्या मोठ्या चौकात, घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्यापाशी उभं राहायचंय. चढ बराच आहे आणि तिथले पांढरे फरशीदगड पावसात साबणासारखे निसरडे होतात, तेव्हा काकूंना चपला नको, बूट घालायला सांगा. आणि तो फॉरवर्ड अजून कुणाकुणाला पाठवलाय, तेवढं कळवा.